आधी वाटाड्या

रविवारी पहाटे साडेपाचला पिरनवाडीच्या नाक्यावर उभं राहावं आणि जांबोटीकडे वळणाऱ्या गाड्या मोजाव्यात. मोजता मोजता हातातला चहा गार होतो. केए २२ म्हणजे बेळगावच्या असायच्याच. पण केए २३, म्हणजे चिकोडी-निपाणीकडच्या, आणि एमएच ०९, म्हणजे कागल-कोल्हापूरच्याही कमी नसतात. निपाणीची पोरं रात्री तीनलाच घराबाहेर पडलेली असतात. डोळ्यांत झोप, मांडीवर स्पीकर, टपावर दोरीनं बांधलेली ट्रकची ट्यूब आणि डिकीत थर्माकोलच्या पेटीत बर्फ. बेत सगळ्यांचा एकच असतो. सकाळी रान, दुपारी डोह, तिन्हीसांजेला समुद्र, आणि सोमवारी सकाळी कामावर.

बेत झकास आहे, हे आधी मान्य करू. सहलीला नावं ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंगतीत आम्हाला बसायचं नाही. बेळगावकरांच्या दाराशी जे आहे ते मुंबई-पुणेकरांना सुट्टी टाकून आणि विमानाचं तिकीट काढून शोधावं लागतं. किणये, जांबोटी मागे पडली की झाडी रस्त्यावर येते. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला, कृष्णेकडे निघून जाते. तिथून जवळच उतरणारे कळसा-भांडुऱ्याचे नाले मात्र पश्चिमेला पाठ फिरवत नाहीत. ते म्हादईला मिळतात आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला भेटतात. एकाच गावचा पाऊस, पण निम्मा बंगालच्या उपसागराचा आणि निम्मा अरबी समुद्राचा. पाऊसही साधासुधा नाही. याच पट्ट्यातल्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पावसाची नोंद झाली होती.

इतकं पाणी पिणाऱ्या रानात काय काय जगतं याची यादी अजून पुरी झालेली नाही. चोर्ल्याच्या मातीत देवगांडुळाची एक नवी जात सापडली आणि २०११ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा बेडकाचा चुलता. गांडूळ समजून आपल्यापैकी कित्येकांनी तो काठीनं बाजूला सारला असेल. तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ तर जगातल्या दुर्मीळ वटवाघळांत मोजतात; शास्त्राला त्याची ओळख होऊन शतक उलटलं. गुहेभोवतीचं १९० चौरस किलोमीटरचं रान २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं. घाटाखाली गोव्याचं म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, २०८ चौरस किलोमीटरचं. चोर्ल्याच्या माथ्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं एकमेकांना खेटून उभी आहेत. विर्डीचा वज्र धबधबा बघायला जाणारा माणूस सकाळभरात कितीदा राज्य बदलतो, हे त्याच्या मोबाइलला कळतं, त्याला कळत नाही. मग घाट उतरायचा, केरीला अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं, साखळी, डिचोली, म्हापसा, आणि घरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वाळू.

निपाणीकरांना आणखी दोन वाटा आहेत. गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली आणि पुढे सावंतवाडी-शिरोडा ही एक. मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी-दाजीपूरचं गव्यांचं रान ओलांडून फोंडा घाटानं थेट देवगड गाठायचं, ही दुसरी. तंबाखूच्या वखारीतून निघालेला माणूस जेवणवेळेला आमराईत पोचतो.

असा दिवस बांधून विकणारी ठिकाणं जगात आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर एल युंके नावाचं रान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये उष्णकटिबंधातलं वर्षावन म्हणता येईल असं ते एकच. आपल्या भीमगडापेक्षा ते बरंच लहान आहे. राजधानी सान हुआनहून सकाळी गाडी निघते, पर्यटक रानात चालतात, नदीच्या डोहात पोहतात, दुपारनंतर लुकियोच्या किनाऱ्यावर जाऊन तिथल्या टपऱ्यांवर तळलेले पदार्थ खातात आणि संध्याकाळी परततात. ऐकताना चोर्ल्याचीच सहल वाटते. फरक एका माणसाचा आहे. त्या सहलीत गाडीतून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत पुढे एक माणूस चालत असतो. त्याला वाट माहीत असते, पाणी माहीत असतं, आणि गटात कुणाला पोहता येत नाही तेही त्यानं निघतानाच विचारून घेतलेलं असतं.

आपल्याकडे त्या माणसाची जागा गूगल मॅपनं घेतली आहे.

त्याचं मोल किती पडलं ते उगाळायला जीव धजत नाही, पण तारखा तरी लिहून ठेवायला हव्यात. १५ एप्रिल २०१७. बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर उतरली आणि आठ जण समुद्रात गेले. २६ नोव्हेंबर २०२२. चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या चार मुली बुडाल्या. जुलै २०२३. गोव्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. ऑक्टोबर २०२५. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर कुडाळ आणि बेळगाव भागातल्या नातेवाइकांचा गट पाण्यात उतरला, त्यातले बहुतेक परतले नाहीत.

या तारखांकडे जरा नीट बघा. चारांतली एकच पावसाळ्यातली आहे. बाकीच्या एप्रिल, नोव्हेंबर आणि ऑक्टोबरमधल्या. म्हणजे आकाश स्वच्छ असताना, हवा छान असताना, सहलीला जावं असं कुणालाही वाटेल अशा दिवसांतल्या. आणि आपल्या सगळ्या बंद्या कधीच्या? जून ते सप्टेंबरच्या. खानापूरकडचे धबधबे पावसाळ्यात बंद, गोव्यात पावसाळ्यात समुद्रात उतरायला मनाई, दूधसागरची जीप पावसाळ्यात बंद. ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावसाळा सरला की फलकावरची अक्षरं पुसट होतात, साखळी निघते, आणि राहिलेल्या आठ महिन्यांत ज्याचा त्याचा जीव ज्याच्या त्याच्या हवाली. सरकारच्या लेखी डोह फक्त चार महिने खोल असतो.

मैनापीच्या घटनेनंतर गोव्याच्या वनखात्यानं अभयारण्यातले धबधबे एका हुकमानं बंद केले. पुढच्याच रविवारी, १६ जुलै २०२३ ला, दूधसागरला निघालेल्या शेकडो तरुणांना कुळेच्या बाजूला अडवलं गेलं आणि रुळांवरून चालणाऱ्या काहींना उठाबशा काढाव्या लागल्या. ती चित्रफीत देशभर फिरली. दक्षिण पश्चिम रेल्वेनं लोकांना समजावलं की धबधबा डब्यात बसूनच बघा, रुळांवरून चालणं हा गुन्हा आहे. बरोबरच होतं त्यांचं. कॅसलरॉक ते कुळे हा उतार देशातल्या अवघड रेल्वे-उतारांपैकी आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला सरायला जागा मिळेलच असं नाही. पण कान पकडून उठाबशा काढणारी ती पोरं बघताना आम्हाला वाटत होतं ते असं, की यांना शिक्षा करायला इतकी माणसं हजर होती, तर वाट दाखवायला एकही का नव्हतं? पुढे काही धबधब्यांना अटी घालून परवानगी मिळाली. उठाबशा तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या.

वाटाड्या म्हणजे काय, हे एकदा जवळून बघितलं आहे म्हणून लिहितो. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. चोर्ल्याच्या अलीकडे, रस्त्यापासून तासाभराच्या वाटेवर एक डोह आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं स्पीकर पोचायचा. आमच्यापुढे गावातला एक म्हातारा होता. गुरांमागे जन्म गेलेला, खांद्यावर कोयता, पायांत रबरी चपला. आम्ही महागाचे बूट घालून घसरत होतो आणि तो त्या चपलांवर शेवाळलेल्या दगडांवरून देवळात चालल्यासारखा चालत होता. डोहाशी पोचल्यावर आमच्यातल्या दोघांनी शर्ट काढले. म्हातारा म्हणाला, "जरा थांबा, पाव्हणं." त्यानं काठावरचा सुका पाला मूठभर उचलला आणि वरच्या अंगानं पाण्यावर टाकला. पानं पसरली, सावकाश फिरायला लागली. पाच-सहा पानं आमच्या बाजूला काठाला येऊन लागली. बाकीची पलीकडच्या कातळाकडे सरकली, कातळाच्या पोटाशी एकामागून एक पाण्याखाली गेली, आणि आली नाहीत. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळानं खालच्या अंगाला, वीसेक हातांवर, एक पान वर आलं.

"तिकडं कपार आहे," तो म्हणाला. "पान सुटतं. माणूस सुटत नाही."

मग त्यानं आमची उलटतपासणी घेतली. पोहायला कुठं शिकलात? विहिरीत. बरं. कुणाच्या पोटात कालचं आहे का? आम्ही हसलो, तो हसला नाही. एकानं खाली मान घातली, त्याला त्यानं काठावर कपडे राखायला बसवलं. बाकीच्यांना दगडाची एक खूण दाखवली, तिच्या अलीकडे खुशाल डुंबा, पलीकडे नाही. स्वतः वरच्या अंगाला जाऊन बसला, तोंड आमच्याकडे नाही, प्रवाहाकडे. का, ते नंतर विचारलं. वर डोंगरात सर पडली तर इथं ऊन असतानाही पाणी येतं, म्हणाला. आधी पालापाचोळा येतो, मग पाण्याला तांबूस रंग येतो, आवाज जड होतो. रंग दिसला की हाक मारायची. हाक मारल्यावर चप्पल शोधायची नाही, वर चढायचं.

लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभं होतं आणि बघता बघता पाच जण गेले. ती चित्रफीत बघताना आम्हाला तो पाण्याकडे तोंड करून बसलेला म्हातारा आठवत होता.

विहिरीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भागातली पोरं पोहण्यात कच्ची नाहीत. पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून बापानं विहिरीत ढकललेली, दुसऱ्या उन्हाळ्यात कठड्यावरून सूर मारणारी ती पोरं. वेदगंगेच्या काठची तर पाण्यातच वाढलेली. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. ते वर ढकलतं, कडेला हात लागतो, वर कुणीतरी उभं असतं. धबधब्याखालच्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते अंगाला उचलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथं जड होतो. वर ऊन असतं आणि दोन हात खाली पाणी बर्फासारखं. आणि समुद्राचं तर गणितच उलटं. लाटा पाणी किनाऱ्याशी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाळूच्या दांड्यातून एखादी चिंचोळी वाट काढतं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून तो पट्टा सगळ्यांत शांत दिसतो. नवखा माणूस पोराबाळांना घेऊन नेमका तिथंच उतरतो. पाणी ओढायला लागलं की तो किनाऱ्याकडे तोंड करून, प्रवाहाच्या उलट हात मारत सुटतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत गेलं की ती ओढ संपते, हे कोळ्याच्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. विहिरीत सूर मारणाऱ्याला कोण सांगणार?

गोव्यानं या बाबतीत एक काम नीट केलं आहे. २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहा असं सांगणारे. लाल बावटा असेल तर शिट्टी वाजते. दूधसागरलाही लाइफ जॅकेट घातल्याशिवाय डोहाजवळ जाऊ देत नाहीत. शिरोड्या-वेंगुर्ल्याकडे असे जीवरक्षक ओळीनं उभे दिसत नाहीत. आणि आपली सहल गोव्याच्या किनाऱ्यावर पोचते केव्हा? पहाटे तीनला उठलेली, चार तास चाललेली, डोहात दमलेली, घाटाखाली स्वस्तात मिळालेली बाटली उघडलेली माणसं साडेपाच-सहाला वाळूवर उतरतात. तेव्हा जीवरक्षकांची पाळी संपत आलेली असते. सूर्य बुडताना पाण्यात फोटो काढायचाच असतो. मग रात्री नऊला धुक्यात चोर्ल्याचा घाट, आणि गाडी चालवणारा त्यांच्यातलाच एक. खरं तर एका दिवसात तीन गोष्टी मावतात त्या फक्त एकीला कात्री लावायला कुणीतरी सोबत असेल तेव्हा. पोर्तो रिकोतलं अंतर पन्नासेक किलोमीटरचं आहे, आपलं सव्वाशेचं, मध्ये घाट. घड्याळ बघून "आज समुद्र राहू द्या" म्हणणारा माणूस गटातून निघत नाही. मित्र मित्राला तसं म्हणत नाही, चेष्टा होते. पैसे घेऊन आलेला वाटाड्या म्हणू शकतो.

परतीच्या वाटेवर कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडून बघतात, बाटल्या किती आणल्या ते. जाताना याच नाक्यावर दोरी आहे का, जॅकेट आहेत का, कुठं उतरणार, सोबत कोण, हे विचारायला कुणी नसतं. महसुलाचा जीव माणसाच्या जिवापेक्षा नाजूक, एवढंच.

आता तीन राज्यांबद्दल. म्हादईच्या पाण्यासाठी ही तीन राज्यं लवादापुढे भांडली. ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला, गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. दशांशचिन्हापुढची दोन स्थळं धरून पाणी वाटलं गेलं, आणि भांडण तरीही चालूच आहे. त्याच पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या फलकावर मात्र एका राज्याची भाषा असते आणि वाचणारा दुसऱ्या राज्यातला असतो. सीमाभागात पाट्यांचा विषय काढला की आवाज चढतात, ते आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो आहोत, चढवतही आलो आहोत. तो लढा त्याच्या जागी. भोवऱ्याचा इशारा कन्नड, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत लिहिला तर कुणाचाही दावा कमकुवत होत नाही. आणि शब्दांबरोबर एक चित्र काढा. निपाणीच्या मराठी शाळेतल्या पोरालाही ते कळेल, हुबळीहून आलेल्यालाही आणि हैदराबादहून आलेल्यालाही.

वाटाडे आणायचे कुठून, असा प्रश्न कचेऱ्यांतून विचारला जातो. ते तिथंच आहेत. कणकुंबी, पारवाड, चोर्ला, सुर्ला, विर्डी या गावांतून. ही वाट दाखवण्याची विद्या तिथं नवी नाही. मीठ आणि सुपारी लादलेले लमाणांचे बैल याच घाटवाटांनी चढत-उतरत, आणि १९५५ साली गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींनीही रानवाटाच धरल्या होत्या. आंबोलीत हे काम नव्या रीतीनं उभं राहिलेलंच आहे. मलाबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लबची गावातली पोरं पावसाळ्याच्या रात्री विजेरी घेऊन बाहेरच्या लोकांना बेडूक दाखवतात. आंबोलीचा तो छोटासा भेक, जो जगात दुसरीकडे कुठं सापडत नाही, तो ती तुमच्या बुटाखाली येण्याआधी दाखवतात. तिथल्याच हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या एका इवल्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. लोक पूर्वी त्या कुंडात पाय धूत असत. आता कुणीतरी सांगतं, म्हणून थांबतात. कुठलंही कुंपण न घालता.

आणि दरीत कुणी पडलं की दोर घेऊन उतरतात तेही हेच, आंबोली-सांगेलीची पोरं. म्हणजे माणूस गेल्यावर त्याला वर काढायला वाटाड्या लागतो हे आपल्याला मान्य आहे. तो जिवंत असताना बोलवायचं तेवढं राहतं.

भीमगडाकडे मात्र उलटंच चाललं आहे. रानातली गावं उठताहेत. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावर घेऊन किती चिखल तुडवला, ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर पुनर्वसनाला वेग आला आणि तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर पडण्यासाठी प्रत्येकी १५ लाख रुपये देण्याचं ठरलं. दवाखाना, शाळा, वीज हवी म्हणून कुणी रान सोडत असेल तर त्याला अडवणारे आपण कोण? आपल्या सहलीची शोभा म्हणून त्यानं अंधारात राहावं, असं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. पण या माणसांबरोबर रानाची सगळी माहितीही ट्रॅक्टरवर चढून बाहेर चालली आहे. कुठल्या नाल्याला कुठल्या नक्षत्रात पाणी चढतं, अस्वल कुठल्या कपारीत असतं, माघ-फाल्गुनात गोचिडीमुळे माकडताप येतो तेव्हा कुठल्या पाल्यावर बसायचं नाही, हे कुठल्याच नकाशावर नाही. माकडतापानं २०१५ मध्ये सत्तरीतलं पाली गाव आजारी पाडलं, पुढच्या वर्षी दोडामार्गकडे तो पोचला. ही भीती कल्पनेतली नाही. ज्यांना आपण रानाबाहेर काढतो आहोत, त्यांच्या पोरांना त्याच रानात वाटाड्याच्या नोकरीचा पहिला हक्क द्यावा, एवढं तरी पुनर्वसनाच्या कागदावर लिहायला काय हरकत आहे?

कर्नाटकच्या वनखात्यानं २०२४ मध्ये ट्रेकिंगसाठी ऑनलाइन नोंदणी आणि वाटेवर दिवसाला किती माणसं याची मर्यादा सुरू केली. कुमार पर्वतावर प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीत झालेल्या गर्दीनं ती शहाणपणाची बुद्धी सुचली. तीच पद्धत जांबोटी-कणकुंबीकडे आणा. नोंदणीबरोबर गावातला वाटाड्या सक्तीचा करा, दहा माणसांमागे एक. त्याला ओळखपत्र, दोरी, शिट्टी, चार जॅकेट आणि प्रथमोपचाराचं शिक्षण द्या. त्याचा दर नाक्यावर लिहून ठेवा, म्हणजे घासाघीस नको. आणि बेळगाव, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या तिन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदा एका टेबलाशी बसून एकच परवाना ठरवावा, जो विर्डीतही चालेल आणि सुर्ल्यातही. बैठकीला जागा हवी असेल तर चोर्ल्याच्या माथ्यावर चहाच्या टपऱ्या आहेत. कुणालाही आपलं राज्य सोडून फार लांब यावं लागणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक विनंती. पुढच्या रविवारी निघाल तेव्हा कणकुंबीला चहाला थांबा आणि टपरीवाल्याला विचारा, गावातलं कोण सोबत येईल. पैसे आधी ठरवा, जेवण त्याच्यासाठीही बांधून घ्या, स्पीकर गाडीतच ठेवा. अभयारण्याची हद्द लागत असेल तर परवानगीचं तोच सांगेल. आणि तो आभाळाकडे बघून "आज पाण्यात नको" म्हणाला, तर माउलीचं दर्शन घ्या आणि माघारी फिरा.